दक्षिणेविना यज्ञ

आमच्या होमगार्डचं ब्रीद 'निष्काम सेवा'. मी चामोर्शीचा शिंपी. बंदोबस्ताचा निरोप आला की मशीनवर कापड टाकायचं, खाकी चढवायची आणि निघायचं. एरवी लोकांच्या पँटी आखूड करणं, हाच धंदा. जितके दिवस कर्तव्य, तितक्याच दिवसांचा भत्ता. 570 रुपये रोज होता, ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारने 1083 केला. डिसेंबर 1946 मध्ये मुंबईत दंगली चालू असताना मोरारजी देसाईंनी हे दल उभं केलं, पुढल्या वर्षी कायदा झाला. नागरिकाने आपलं पोट आपण भरावं आणि अडीनडीला सरकारच्या पाठीशी उभं राहावं, ही तेव्हाची कल्पना अजून तशीच आहे. उभं राहता राहता तो पडला तर काय, हा माझा प्रश्न.

माझ्या पथकातला एक वडीलधारा माळकरी महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत पडला. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वाहते, म्हणून स्नानाचं पुण्य मोठं आणि गर्दीही तशीच. पहाटेच्या रेट्यात बांबूचं कुंपण आडवं झालं आणि त्याच्या घोट्याचं हाड मोडलं. पाय प्लास्टरमध्ये असताना मोहफुलांचा हंगाम गेला, मागोमाग तेंदूपत्ताही गेला. ज्या दिवशी कर्तव्य नाही त्या दिवशी भत्ता नाही, त्यामुळे तोही बंद. मी भरपाईचा अर्ज लिहून त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "कायले मागाचं गा? देवाच्या दारचं काम होतं. मागतलं का मजुरी झाली."

त्याच्यापुढे मी गप्प बसलो. पण हेच वाक्य मी धडधाकट घोट्याच्या माणसांकडूनही ऐकतो. सामुदायिक प्रार्थना आटोपल्यावर कोणी तरी म्हणतंच, तुमची तर निष्काम सेवा, मग भरपाई कसली? तेव्हा मात्र डोकं फिरतं. फळाची आशा मी सोडायची, हे गीतेने मला सांगितलं. माझ्याकडून काम करून घेणाऱ्याने हात वर करायचे, हे कुठल्या अध्यायात आहे?

मला संस्कृत येत नाही. गीता शिकलो ती विनोबांच्या गीताईतून आणि प्रवचनांतून; धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली त्यांनी ती दिली आणि साने गुरुजींनी उतरून घेतली. तेवढ्या भांडवलावर सांगतो. दुसऱ्या अध्यायातला फळाचा श्लोक सगळ्यांना पाठ असतो. तिसऱ्या अध्यायात, देवांकडून मिळालेलं भोगून परत काहीच न देणाऱ्याला सरळ चोर म्हटलं आहे, तो कोणी म्हणत नाही. आणि सतराव्यात तामस यज्ञाची लक्षणं येतात: विधी नाही, अन्नदान नाही, मंत्र नाही, श्रद्धा नाही, आणि त्याच रांगेत दक्षिणा नाही. पुरोहिताने दक्षिणेवर डोळा ठेवू नये, हे खरंच. पण ती न देता उठणाऱ्या यजमानाचा यज्ञ तामस ठरतो. बंदोबस्ताच्या यज्ञात यजमान सरकार आहे, आणि सरकार म्हणजे त्या दिवशी वैनगंगेत सुखरूप स्नान करून घरी गेलेले आपण सगळे.

शिवाय भरपाई म्हणजे फळ असं मला वाटतच नाही. घोटा मोडण्याआधी माणूस जिथे होता तिथे त्याला परत आणून उभं करणं, याला मिळकत कोण म्हणेल? शिवाजी महाराजांच्या पदरी तरी निष्ठेची काय कमी होती! पण अफझलखानाच्या लढाईनंतर जखमींना जखमेप्रमाणे पंचवीसपासून दोनशेपर्यंत होन दिल्याचं बखरकार सभासदाने लिहून ठेवलं आहे. मेलेल्यांच्या बायकामुलांची सोयही लावली. त्या पैशाने कोणाची स्वामिनिष्ठा बाटल्याचं त्याने लिहिलेलं नाही.

त्यातलं जखमेचं माप मला फार आवडतं. आज आपण आधी कारण पाहतो. निवडणुकीच्या कामात मरण आलं तर आयोगाची मदत किमान पंधरा लाखांची. नक्षल हल्ल्यात किंवा सुरुंगात आलं तर तीस. धोक्याच्या वाटेवर जाणाऱ्याचा मान राखायचा, हे समजतं. पण नाल्याच्या पुरात गेलेल्याच्या घरी चूल अर्धी विझत नाही. 1 मे 2019 ला जांभुळखेड्याजवळ सुरुंग उडाला, पंधरा पोलीस गेले आणि त्यांची गाडी चालवणारा खासगी चालकही गेला. कायम कोण, खासगी कोण, हे सुरुंगाने विचारलं नव्हतं.

आजाराचं तर याहून अवघड. भामरागड, एटापल्लीकडे बंदोबस्ताला गेलेल्या पोराला डास चावतो कर्तव्यावर आणि ताप भरतो दहा-बारा दिवसांनी, घरच्या खाटेवर. मेंदूत जाणाऱ्या हिवतापाचा जंतू तेवढा वेळ घेतोच. तोवर हजेरीपट बंद झालेला असतो. डास कुठला, हे त्याने कसं सिद्ध करायचं? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं दिली आहेत आणि दैव पाचवं आहे. आधीची चार तपासायचा कंटाळा आला की आपण पाचव्याला पहिल्या नंबरावर बसवतो. म्हणून मी पोरांना सांगतो, परतल्यावर कणकण जरी वाटली तरी रक्त तपासा, चिठ्ठी जपा, आणि कोणत्या गावात किती रात्री काढल्या ते वहीत लिहा. यात अश्रद्धा कसली?

माळकऱ्याचं मन मात्र मी वळवू शकलो नाही, आणि त्याचं सगळंच चुकतं असंही म्हणवत नाही. मागितल्याने आत काहीतरी उणं होतं, हे त्याला जाणवतं. मला तितकं जाणवत नाही, हा कदाचित माझ्या धंद्याचा गुण असेल. शिलाईचे पैसे मागायला शिंप्याला लाज वाटून कसं चालेल?

मी उठलो तशी त्याची बायको दारापर्यंत आली आणि अर्ज मागून घेतला. मोहाचा हंगाम तिचाही बुडाला होता, कारण त्याला उठवणं-बसवणं तिच्याच गळ्यात पडलं होतं. संकल्प सोडला तो त्याने, तिला विचारून नव्हे. तिने विचारलं, "यावर माही सही चालते का?"

चालत नाही, तो जिवंत आहे तोवर अर्ज त्याच्याच सहीने लागतो, असं मी सांगितलं. तिने कागद घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाली, "मंग मी पाहतो त्याच्याकडे."