बायपासनंतरचे बळ आणि देहाची आसक्ती

सत्तरीच्या पुढे बायपास झालेल्या माणसापुढे दोन प्रश्न उभे राहतात. गेलेली ताकद परत कशी येईल, हा पहिला. तो डॉक्टरांना विचारता येतो. दुसरा बहुधा मनातच राहतो: या वयात बळासाठी एवढी धडपड करणे ही देहाची आसक्ती तर नाही? मनुस्मृतीने सुरकुत्या, पांढरे केस आणि नातवंड दिसू लागताच गृहस्थाला वनाची वाट दाखवली आहे. त्या संस्कारात वाढलेल्या मनाला रोजचा व्यायाम कधी कधी हावरेपणाचा वाटतो.

आधी देहाची स्थिती पाहू. शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड उभे कापून पुन्हा तारांनी बांधले जाते. ते जुळू लागायला सहा ते आठ आठवडे आणि पक्के व्हायला साधारण तीन महिने लागतात. तोवर जड उचलायचे नसते, हातांवर जोर देऊन उठायचेही नसते. जोडणीसाठी पायातली शीर काढली असेल तर तो पाय सुजतो. पण हृदय दुरुस्त झाल्यावरही जी दमणूक जाणवते, तिच्यामागे अंथरुणाचाही मोठा हात असतो. म्हाताऱ्या शरीराचे स्नायू पडून राहिल्याने फार लवकर झडतात. पूर्वी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला कित्येक आठवडे निजवून ठेवत. बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी 1952 मध्ये अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि सक्तीच्या विश्रांतीवरचा विश्वास ढळू लागला.

देह टाकाऊ आहे या समजुतीला गीतेचा आधार घेतला जातो, तो दुसऱ्या अध्यायातल्या जुन्या वस्त्राच्या दृष्टान्ताचा. तो दृष्टान्त मरणाच्या शोकावरचा आहे. जिवंत देहाची हेळसांड करायची मुभा त्यात नाही. उलट सतराव्या अध्यायात शरीराला उगाच कष्टवणाऱ्यांना आसुरी वृत्तीचे म्हटले आहे, आणि सहाव्यात आहार, विहार, झोप, जागरण या सगळ्यांत योग्य प्रमाण मागितले आहे. आयुर्वेदाची चरकसंहिता आणखी स्पष्ट आहे. तिथे माणसाच्या तीन एषणा, म्हणजे इच्छा, सांगितल्या आहेत: प्राणाची, धनाची आणि परलोकाची. पहिला मान प्राणाला आहे, कारण तो गेला की बाकी दोन्ही साधायला कोणी उरत नाही.

मात्र परंपरेचा प्रत्येक शब्द इथे लागू पडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने वृद्धांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. पण 1990 मध्ये अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या वृद्धाश्रमवासीयांच्या एका छोट्या गटाकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. म्हातारा स्नायूही हाकेला ओ देतो. सुदृढ माणसाने निम्म्या शक्तीपर्यंतच व्यायाम करावा, हे वाग्भटाचे दुसरे सांगणे मात्र आजही मोलाचे आहे.

किती जोर लावावा, हाच खरा धर्मप्रश्न, आणि त्याचे सर्वांत नेमके उत्तर बौद्ध विनयपिटकात सापडते. लाडाकोडात वाढलेला सोण नावाचा भिक्षू येरझाऱ्या घालत साधना करी. चालून चालून त्याचे तळपाय रक्ताळले, तरी मुक्ती मिळेना, म्हणून तो घरी परतायच्या विचारात होता. तो आधी वीणा वाजवत असे. बुद्धांनी त्याला तारांचीच आठवण करून दिली: फार ताणलेली तार गात नाही आणि सैल सोडलेलीही नाही. बायपासनंतरच्या चालण्याचाही नियम हाच आहे. अनेकांना नाडी मंदावणाऱ्या गोळ्या चालू असतात, त्यामुळे नाडीच्या ठोक्यांवर भिस्त ठेवता येत नाही. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतपत वेग ठीक. छातीत दुखले, चक्कर आली किंवा धाप ओसरेना, तर थांबून डॉक्टरांना कळवायचे. रोज थोडे वाढवायचे आणि एखाद्या दिवशी मागे यावे लागले तर यायचे.

मग वैराग्याला जागा कुठे राहते? ती प्रयत्नात नाही, तुलनेत आहे. एका दमात जिना चढणारा पन्नाशीतला माणूस परत मिळवायचा, हा हट्ट सोडावा लागतो. मदत घ्यायलाही शिकावे लागते, आणि आयुष्यभर घर चालवलेल्यांना हे चालण्यापेक्षा अवघड जाते. पाटावर बसून पूजा करणाऱ्याला काही काळ खुर्चीवर बसावे लागते. पूजेत त्याने उणेपणा येत नाही. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना उदासी ग्रासते, तीही श्रद्धेची कसूर समजू नये. ती उपचाराने बरी होते.

काहींचे हृदय शस्त्रक्रियेनंतरही अशक्तच राहते. त्यांच्यासाठी बळाचे माप बदलते: स्वतः आंघोळ करता येणे, दारापर्यंत जाऊन पाहुण्याचे स्वागत करणे. पण म्हणून देह सोडून द्यायचा नसतो. जैनांची सल्लेखनाही (अन्न हळूहळू सोडत मरण स्वीकारण्याचे व्रत) आचार्य समन्तभद्रांच्या रत्नकरण्ड श्रावकाचारात ज्यावर उपाय उरला नाही अशा संकटात, जरेत वा रोगातच सांगितली आहे. उपाय शिल्लक असताना देह सोडून देण्याला ती कठोर परंपराही संमती देत नाही.