एकच थाप

विज्ञानकथेचा नाद लागलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "हे सगळं खोटंच असतं ना? मग त्यात बरोबर-चूक काय बघत बसता?" प्रश्न वाजवी आहे. खोटं असतंच, पण चांगल्या विज्ञानकथेत थाप एकदाच मारायची मुभा असते. त्यानंतर लेखकाने शेवटच्या पानापर्यंत चोख हिशोब द्यायचा.

एच. जी. वेल्सच्या १८९५ सालच्या 'द टाइम मशीन'मध्ये काळातून जाणारं यंत्र तेवढं मान्य करायचं असतं. पुढचं सगळं माणसाच्या स्वभावातून आणि उत्क्रांतीतून ओघाने येतं. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये तर बदल आहे फक्त एका गोळीचा. १७६१च्या त्या लढाईत विश्वासरावांना लागलेली गोळी इथे चाटून जाते आणि मराठे जिंकतात. मग मुंबईच्या रस्त्यांपासून देशाच्या कारभारापर्यंत काय काय पालटेल, ते एखाद्या गणितासारखं उलगडत जातं.

'द एक्सपान्स' ही कादंबरीमालिका या शिस्तीचं माझं लाडकं उदाहरण. टाय फ्रँकने हे जग मुळात एका ऑनलाइन खेळासाठी रचलं होतं. तो खेळ काही निघाला नाही. मग एकाने प्रसंग सांगायचा आणि बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या वतीने निर्णय घ्यायचे, अशा पद्धतीने फ्रँकने ते मित्रमंडळींत चालवलं. त्या खेळाडूंमध्ये डॅनियल एब्रहम हा कादंबरीकार होता. दोघांनी जेम्स एस. ए. कोरी या एकाच टोपणनावाने २०११मध्ये पहिली कादंबरी काढली आणि २०२१पर्यंत नऊ लिहून मालिका पुरी केली. मध्येच, २०१५मध्ये, ती टीव्हीवर आली आणि २०२३मध्ये तिच्यावर एक व्हिडिओ गेमही निघाला. मला वाटतं, या जगाचा काटेकोरपणा मित्रमंडळींतल्या त्या खेळातून आला असावा. वाचकाला दोन झकास वाक्यांत गुंडाळता येतं. समोर बसलेला खेळाडू मात्र लगेच हटकतो, "मला इंधन लागलं, मग त्याला का नाही?"

इथली थाप म्हणजे एपस्टाइन इंजिन. थोडक्या इंधनावर ते दिवसच्या दिवस यानाला रेटत राहतं. एवढं कबूल केलं की पुढे कुणाला सवलत नाही. कृत्रिम गुरुत्वाकर्षणाचं बटण नाही. इंजिन चालू असेल तोवरच पायाला जमीन लागते. अर्धी वाट संपली की यान पाठ फिरवून तितकाच वेळ ब्रेक लावत जातं. वेग फार वाढवायचा तर शरीर टिकावं म्हणून आधी शिरांमधून औषधं घ्यायची. पृथ्वीवरून सीरिस या लघुग्रहावर निरोप पोचायला कधी पंधरा मिनिटं लागतात, कधी अर्धा तास, कारण प्रकाशालाच तेवढा वेळ लागतो. लघुग्रहांच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं कमी वजनात वाढल्यामुळे उंच आणि काटकुळी झालेली. बोलताना ती हात लांबवर हलवतात, कारण अंतराळ पोशाखात मान डोलावलेली कुणाला दिसत नाही.

टीव्ही मालिकेच्या पहिल्याच भागात एक प्रसंग आहे. ख्रिसजन अवासराला ही संयुक्त राष्ट्रांमधली बडी अधिकारी, साडी नेसणारी, नातवात रमणारी आजी. ती एका कैद्याच्या चौकशीला जाते. कैदी पट्ट्यातला. त्याला मारहाण होत नाही, नुसतं टांगून ठेवलेलं असतं. त्याच्या हाडांना आणि फुप्फुसांना पृथ्वीचं वजन झेपत नाही, म्हणून छळ करायला पृथ्वी पुरेशी आहे. आपण ज्या ओढीवर रोज निवांत उभे असतो, तिचं हे रूप बघून अंगावर काटा येतो. हा प्रसंग नियमातून उगवला आहे. गुरुत्वाकर्षणाचं बटण ठेवलं असतं, तर तो लिहिताच आला नसता.

कथेला तोंड फुटतं तेही एका बर्फवाहू जहाजापासून. शनीच्या कड्यांमधला बर्फ सीरिसला आणणारं हे जहाज म्हणजे आपल्याकडचा पाण्याचा टँकरच. सीरिसवर एके काळी मुबलक बर्फ होता. तो पृथ्वी आणि मंगळ यांनी ओरबाडून नेला. आता तिथल्या माणसाने पाणी रेशनवर घ्यायचं आणि हवेसाठी पैसे मोजायचे. मराठवाड्यातला वाचक हे वाचून "फारच कल्पनारम्य" असं काही म्हणणार नाही.

जाणकार इथे मला पकडतील. या कथेत प्रोटोमॉलिक्यूल नावाचा परका पदार्थ आहे आणि तो भौतिकशास्त्राला धाब्यावर बसवतो. मग ही दुसरी थाप नाही का? आहे, पण ती कधी येते ते बघा. वजन, वेग, इंधन यांचे हिशोब आपल्या अंगवळणी पडल्यावर. इरॉस हा अख्खा लघुग्रह एकाएकी आपली वाट सोडून बाजूला सरकतो आणि त्याच्यावरच्या माणसाला साधा हिसकाही बसत नाही. एरवीच्या अंतराळपटात याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. इथे कथेतल्या शास्त्रज्ञांबरोबर आपलीही बोबडी वळते, कारण तोवर असं होऊच शकत नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक झालेलं असतं.

'आउटर वाइल्ड्स' हा २०१९चा गेमही याच जातीचा. दर बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो आणि तुम्ही परत पहिल्या जागी. बंदूक नाही, गुण नाहीत, नवं दणकट यान मिळत नाही. एका फेरीतून दुसऱ्या फेरीत नेता येतं ते फक्त समजलेलं. सूर्य तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून तुम्ही त्या जगाचे नियम शिकता. आणि नियम कळले की काल जो ग्रह जीव घेत होता त्याच्या पोटात आज बिनधास्त शिरता. पुढचं सांगत नाही. खेळणाऱ्याचा आनंद हिरावून घेणं हे आमच्या बिरादरीत पाप आहे.

"तेवढं आपल्या माणसासाठी जमवून घ्या" हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा ऐकतो, म्हणतो. जिथे सगळंच जमवून घेता येतं, तिथे आश्चर्याला जागा उरत नाही. नायक वाचला तरी कुणाला काही वाटत नाही. कुणी नवी मालिका, नवी कादंबरी किंवा नवा गेम सुचवला, तर याने किती आणि लढाया किती हे मी विचारत नाही. एवढंच विचारतो, की तिथे हवेचे पैसे कोण भरतं?