नाममुद्रेमागे कोण उभे आहे?



आषाढीच्या वाटेवर आमच्या पुण्यात दोन्ही पालख्यांचा मुक्काम असतो. तुकोबारायांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी, ज्ञानोबारायांची भवानी पेठेत पालखी विठोबापाशी. त्या रात्री पेठेतल्या ओट्यांवर पाठ टेकलेल्या माणसांकडे पाहावे. परभणीकडचा शेतकरी आणि इथला हमाल. एकाला दुसऱ्याचे नावही ठाऊक नसते. पण एकाने अभंगाचे पहिले चरण उचलले की दुसरा पुढचे म्हणतो. कशाच्या बळावर? दोघांनी लहानपणापासून एकच कथा ऐकली आहे. विटेवरचा देव, चाललेली भिंत, इंद्रायणीतून वर आलेल्या वह्या. रक्ताचे नाते नसलेली माणसे कथेने सोयरी होतात. म्हणून कथा सांगणाऱ्यावर मोठा भार असतो. आज त्या भाराविषयीच चार शब्द बोलायचे आहेत.

कथा चालत येत नाही, तिला वाहून आणावे लागते. आधी कंठ होता, मग बोरू आला, मग छापखाना. प्रत्येक साधनाने ती दूर नेली आणि प्रत्येक वेळी वाटेत काही मिसळलेही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशाला झाली. पुढे तीनशे वर्षांत नकला करता करता पाठ बिघडले. तेव्हा नाथमहाराजांनी पोथ्या पडताळून शके १५०६ मध्ये तिचे शोधन केले आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. नाथांच्या हातून स्वतंत्र ग्रंथ थोडे का झाले? रचण्याची शक्ती अफाट होती, तरी माउलींच्या ग्रंथात त्यांनी आपले काही घातले नाही. तुकोबांच्या गाथेचेही तसेच. १८६९ आणि १८७३ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून दोन भागांत गाथा निघाली. त्याआधी पंडित मंडळींनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहिले होते.

मग चित्रपट आला. १९३६ साली आपल्या पुण्याच्या प्रभात कंपनीने ‘संत तुकाराम’ काढला. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले की लोक हात जोडत. त्यातले ‘आधी बीज एकले’ आपण सगळ्यांनी ऐकले आहे. कित्येक भाविक आजही तो तुकोबांचा अभंग समजतात. गाथेत तो सापडणार नाही, कारण ते गीत शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले. यात आठवल्यांची लबाडी नव्हती. गोडी इतकी साधली की लोकांनीच ते गीत तुकोबांच्या पदरात टाकले. साधन मोठे असले की असे होते.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याचे सांगून माझे झाकणे बरे नाही.

चाळीसएक वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. रंग चढत नव्हता. तेव्हा मी तुकोबांच्या दुकानातला एक प्रसंग जागीच रचला. दुष्काळ, एक म्हातारी, धान्याचे माप आणि दारात उभा एकडोळ्या बैल. लोक रडले. कीर्तन संपल्यावर विणेकऱ्याच्या पाया पडायला गेलो, तर तो वृद्ध हळूच म्हणाला, “बुवा, हे कुठल्या ग्रंथात आहे?” मी हसून म्हटले, “बाबा, भाव पाहावा. लोकांना आवडलं ना?” तो काही बोलला नाही. कोणीतरी ते कीर्तन टेपवर भरून घेतले होते.

गेल्या वर्षी नातवाने मोबाईल पुढे केला. “आजोबा, हे खरं आहे का?” चित्र होते, मागे बासरी होती, वर ‘तुकोबांच्या जीवनातील सत्य प्रसंग’ असे लिहिले होते. तीच म्हातारी, तेच माप. आणि दारात माझा एकडोळ्या बैल.

मी म्हटले, “बाळा, खोटं आहे. मीच रचलं.” सांगणाऱ्या तरुण कीर्तनकाराला मी फोन लावला. तो म्हणाला, “बुवा, असू द्या. लोकांना आवडतं.” त्याला रागावण्याचे तोंड मला उरले नव्हते.

आपण म्हणाल, दृष्टांत रचूच नयेत का? अवश्य रचावेत. दृष्टांत म्हणून सांगितला की तो निर्मळ आहे. चरित्र म्हणून सांगायचे तर आधार हवा. ताहराबादच्या महिपतीबुवांनी भक्तविजय लिहिताना नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांचे ऋण उघड सांगितले आहे. नवे अभंगही रचावेत. पण पिंपळनेरच्या निळोबारायांकडे पाहा. तुकोबांवर एवढी निष्ठा, तरी अभंगात मुद्रा घातली ती ‘निळा म्हणे’ अशी. बोल माझा, उत्तर देणारही मी, असा तिचा अर्थ. ‘तुका म्हणे’ या दोन शब्दांमागे एक माणूस आहे, ज्याने त्या बोलांसाठी इंद्रायणीकाठी अन्नपाणी सोडले.

आता यंत्र आले आहे. सांगाल त्या विषयावर ते क्षणात अभंग जुळवते आणि शेवटी ‘तुका म्हणे’ही घालते. मला यंत्राची भीती नाही. छापखान्यालाही आपले पूर्वज भ्यायले असतील, पण त्यानेच गाथा घरोघरी पोचवली. डोळे गेलेल्या म्हाताऱ्याला आज फोनच हरिपाठ ऐकवतो. मला वाटते ती काळजी वेगळी. कीर्तनात बुवाच्या मागे टाळकरी असतात, प्रमाण चुकले तर चरण सावरतात. शेजारी विणेकरी असतो. फोनवर आलेल्या अभंगामागे कोणी उभा नसतो.

म्हणून माउली, ती जागा आता आपल्याला घ्यावी लागेल. अभंग आला, गोड वाटला, तर पुढे पाठवण्याआधी गाथा उघडा. सापडला नाही तर तुकोबांचे नाव काढा, मग खुशाल पाठवा. कोणी विचारले, “हे कुठल्या ग्रंथात?” तर हसून उडवू नका. आपली नातवंडे आपण देऊ त्याच कथेवर वारीला चालणार आहेत.

त्या विणेकरीबाबांचे नावही मी तेव्हा विचारले नाही. ते आता नसतील. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आज या पानावर देतो आहे: बाबा, कुठल्याच ग्रंथात नाही. चूक माझी.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.