औषधनिर्मिती आणि साधनशुद्धी

साध्य शुभ असले म्हणजे साधनातील दोष क्षम्य ठरतो काय, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न औषधांच्या प्रयोगशाळेतही टाळता येत नाही. ज्यांच्या अणुवलयात कार्बनबरोबर नायट्रोजनही गुंफलेला असतो, अशी नत्रयुक्त वलयी संयुगे असंख्य औषधांचा गाभा आहेत. परंतु ती घडवताना द्रावके, क्षार आणि धातूंचे अवशेष मागे उरतात. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये ‘ई-घटक’, म्हणजे एक किलो उत्पादनामागे निर्माण होणाऱ्या टाकाऊ द्रव्याचे माप, मांडले, तेव्हा औषधउद्योगात हे प्रमाण २५ ते १०० किलो किंवा त्याहूनही अधिक असल्याचे स्पष्ट झाले.

जैन आचार्य उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावध वृत्तीतून घडणाऱ्या प्राणघाताशी, जोडलेली आहे. त्या कसोटीवर पाहता, अशा टाकाऊ द्रव्याने होणारी हानी एकदा मोजता आली की अज्ञानाची सबब संपते आणि दुर्लक्ष हाच प्रमाद ठरतो. गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’मध्ये (१९०९) साधन आणि साध्य यांचे नाते बीज आणि वृक्षासारखे मानले; रोगनिवारणासाठी रोगाची नवी कारणे पेरणे या न्यायाने विसंगतच होय.

तथापि रुग्णाचा हक्कही तितकाच खरा आहे. निर्दोष पद्धत सापडेपर्यंत औषध रोखून धरणे ही साधनशुद्धी नसून निष्ठुरता होईल. या पेचातून वाट काढण्यास उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेला गती देणारे द्रव्य, साहाय्यभूत होते. मधुमेहावरील सिटाग्लिप्टिन या नत्रयुक्त वलय असलेल्या औषधाची ऱ्होडियम-उत्प्रेरित पद्धत २००६ मध्ये अमेरिकेत हरित रसायनशास्त्राच्या पुरस्कारास पात्र ठरली. तरीही संशोधक तेथे थांबले नाहीत, आणि विकरावर, म्हणजे जैविक उत्प्रेरकावर, आधारलेल्या ज्या पद्धतीने जड धातू वगळला व टाकाऊ द्रव्य १९ टक्क्यांनी घटवले, तिला २०१० मध्ये पुन्हा तोच सन्मान लाभला.

यावरून असे दिसते की शुद्धी ही एकदा गाठून विसरण्याची अवस्था नसून सतत चालणारी साधना आहे. म्हणूनच आजचा अपरिहार्य दोष रुग्णासाठी पत्करताना तो उद्या कमी करण्याचे दायित्वही संशोधकाने त्याच क्षणी स्वीकारले पाहिजे. हे दायित्व नाकारले, तर अपरिहार्यतेचा दावाही नैतिकदृष्ट्या टिकत नाही.