न आलेली तक्रार

एखादी गोष्ट आढळली नाही, एवढ्यावरून ती नाहीच असे म्हणता येते काय, हा प्रश्न भारतीय प्रमाणशास्त्राने, म्हणजे यथार्थ ज्ञान कोणत्या साधनांनी होते याचा विचार करणाऱ्या शास्त्राने, फार बारकाईने हाताळला आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी अभावाच्या ज्ञानासाठी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानले, तर नैयायिकांनी तिला प्रत्यक्षाची साहाय्यक ठरवले. परंतु ही अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे, या अटीबाबत दोन्ही पक्षांत वाद नाही. जमिनीवर घडा असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिती असेल तरच तो न दिसण्यावरून त्याचा अभाव सिद्ध होतो. अंधाऱ्या खोलीत घडा न दिसल्याने काहीच सिद्ध होत नाही.

खुबा व गुडघा यांच्या सांधेबदल शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही ठेवावी की नाही, हा प्रश्न वरवर प्रशासकीय वाटला तरी त्याच्या मुळाशी हीच अट आहे. १९६२ मध्ये इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे जॉन चार्न्ली हे धातूचा गोळा आणि पॉलिएथिलीनची वाटी यांचा कृत्रिम खुबा यशस्वीपणे बसवू लागल्यानंतर ही शस्त्रक्रिया जगभर पसरली, पण कृत्रिम सांध्याचे अपयश बहुधा लगेच प्रकट होत नाही. पृष्ठभाग वर्षानुवर्षे झिजत जातात, झिजेच्या सूक्ष्म कणांमुळे भोवतालचे हाड विरत जाते, सांधा सैल होतो आणि मग तो काढून दुसरा बसवावा लागतो. या दुसऱ्या शस्त्रक्रियेला ‘रिव्हिजन’ म्हणतात. दरम्यान रुग्ण दुसऱ्या गावी गेलेला असतो, त्याचा पहिल्या शल्यचिकित्सकावरचा विश्वास उडून तो दुसऱ्याकडे गेलेला असतो, वेदना सोसत घरीच बसलेला असतो किंवा मरण पावलेला असतो. अशा वेळी ‘आपले रुग्ण तक्रार घेऊन परत येत नाहीत’ हे शल्यचिकित्सकाचे म्हणणे पूर्ण प्रामाणिक असूनही प्रमाण ठरत नाही, कारण अपयश आले असते तर ते त्याला कळलेच असते, ही अट तेथे पुरी होत नाही.

ही अट पुरी करण्याची व्यवस्था प्रथम स्वीडनने राष्ट्रीय पातळीवर उभी केली: गुडघ्यासाठी १९७५ मध्ये आणि खुब्यासाठी १९७९ मध्ये. प्रत्येक नागरिकाला एकच ओळख क्रमांक असल्यामुळे पहिली शस्त्रक्रिया एका रुग्णालयात आणि दुसरी भलत्याच रुग्णालयात झाली, तरी दोन्ही नोंदी जुळतात. मृत्यूची नोंदही जोडली जाते, आणि हे अत्यावश्यक आहे, कारण मृत रुग्ण रिव्हिजनसाठी येत नाही म्हणून त्याचा सांधा टिकला असे मोजणे असत्य ठरेल. इंग्लंड व वेल्समध्ये अशी नोंदवही २००३ मध्ये सुरू झाली. संचित नोंदींमुळे कसोटीही कठोर होत गेली: दहा वर्षांत दहा टक्क्यांपर्यंत कृत्रिम खुबे बदलावे लागणे ब्रिटनमध्ये २००० साली ग्राह्य मानले गेले होते, ती मर्यादा २०१४ मध्ये पाच टक्क्यांवर आणली गेली.

डिप्यू कंपनीच्या ‘एएसआर’ या धातूवर धातू घासणाऱ्या खुब्याचे प्रकरण या दृष्टीने निर्णायक आहे. त्याचे रिव्हिजन अपेक्षेपेक्षा जास्त होत असल्याचे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीने २००७ पासून दाखवून दिले, आणि ऑगस्ट २०१० मध्ये हा सांधा जगभरातून परत घेण्यात आला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये तो बसवला गेला होता. मात्र केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने पुढे चौकशी केली तेव्हा यांतील साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा मागच लागत नव्हता. त्यांच्या शरीरात झिजणाऱ्या धातूतील कोबाल्ट आणि क्रोमियम झिरपत असेल तर ते त्यांना सांगायचे कोणी आणि कोठे? भारतातील खुबा व गुडघा शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २००६ पासून नोंदवही चालवली आहे, हा प्रयत्न आदरास पात्र आहे. परंतु ती ऐच्छिक आहे, आणि जो नोंदच करत नाही त्याचे अपयश ऐच्छिक नोंदवहीला दिसू शकत नाही. खोलीत दिवा आहे, पण काही कोपऱ्यांतच.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो, तो असा की माणसाच्या वेदनेचा आकडा करणे म्हणजे त्याला साधनमात्र करणे होय. आक्षेप टाकून देण्याजोगा नाही, आणि म्हणूनच इंग्लंडमध्ये नोंद करणे रुग्णालयांवर बंधनकारक असले तरी रुग्णाची ओळख पटवणारा तपशील त्याच्या संमतीने घेतला जातो. ही विभागणी न्याय्य आहे. पण आक्षेपाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शतपथ ब्राह्मणात मनुष्य जन्मतःच देव, ऋषी, पितर आणि मनुष्य यांचा ऋणी असतो असे सांगितले आहे. आज ज्याला टिकाऊ सांधा मिळतो, त्याला तो अनोळखी माणसांच्या बिघडलेल्या सांध्यांच्या नोंदींमुळे मिळतो. ते द्रष्टे नव्हते, पूर्वज नव्हते, केवळ दुखणाईत माणसे होती, म्हणून हे मनुष्यऋणच होय. ते शरीराचा अंश देऊन नव्हे, तर आपल्या शरीराचे पुढे काय झाले एवढे सत्य सांगून फिटते.

नोंदवहीची दृष्टीही अपुरी असते हे येथे मान्य केले पाहिजे. रिव्हिजन हेच अपयशाचे माप ठरवले, तर जो वृद्ध दुसऱ्या शस्त्रक्रियेला धजावत नाही, किंवा ज्याला त्या शस्त्रक्रियेचा खर्च झेपत नाही, ती माणसे यशाच्याच खात्यात जमा होतात. इंग्लंडने २००९ पासून खुबा व गुडघ्याच्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर वेदना व हालचाल यांविषयी थेट प्रश्न विचारण्यास सुरुवात केली, त्याने ही उणीव काही अंशी भरून निघते. जेथे खर्च रुग्णाच्याच खिशातून होतो त्या समाजात ही उणीव अधिकच मोठी असणार.

भारतात सर्व रुग्णालयांवर बंधनकारक अशी नोंदवही होईपर्यंत एक गोष्ट प्रत्येक रुग्णाच्या हाती आहे. कृत्रिम सांध्याच्या वेष्टनावर त्याचे नाव, आकार आणि उत्पादनाचा क्रमांक असलेली लेबले असतात व ती रुग्णालयाच्या कागदपत्रांत चिकटवली जातात. घरी जाताना त्यांची प्रत मागून घ्यावी आणि ती जपून ठेवावी.