जखमा न लपवणारा प्रभू



स्तनाचा कर्करोग झाला की आपल्या घरांत कुजबुज सुरू होते. बरे झाल्यावरही आपण तो लपवतो. मग नव्याने निदान झालेल्या भगिनीला वाटते, ह्या वाटेवर मी एकटीच.

पुनरुत्थित प्रभूने आपल्या जखमा लपवल्या नाहीत. त्या पाहूनच थोमाची शंका फिटली.

न्यूयॉर्कच्या टेरेस लासर ह्यांच्यावर १९५२ साली ह्याच आजाराची शस्त्रक्रिया झाली. पुढे त्या रुग्णालयांत जाऊन अशा स्त्रियांना धीर देऊ लागल्या, हाताचे व्यायाम शिकवू लागल्या.

उपचार डॉक्टर करतील. पण 'मीही ह्यातून गेले' हे शब्द बरी झालेली भगिनीच बोलू शकते. आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी अशा एका भगिनीला भेटावे. प्रभू आपल्याला ते धैर्य देवो. आमेन.