मिरजेवरील आमचा हक्क

लहानपणीं ज्या गांवीं सुखाचे दिवस काढले, तें गांव उत्तरवयांत पुन्हां पाहावयास जावें कीं जाऊं नये, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ सवडीचा वाटतो. तिकिट काढावें, चार दिवस राहावें, परत यावें. यांत नीतीचा संबंध तो काय, असें कोणीहि म्हणेल. आम्हीहि तसेंच म्हणत होतों. परंतु गेल्या हिवाळ्यांत मिरजेच्या स्टेशनावर आम्हांस जो राग आला, त्याची चौकशी करावी असें मागाहून वाटूं लागलें.

आम्ही पंढरपूरचे, आणि मावशीचें घर मिरजेस. दर मे महिन्यांत आम्हां भावंडांची स्वारी छोट्या गाडीनें निघे. लोक तिला तेव्हांहि बार्शी लाइटच म्हणत. १९२७ सालीं मिरजेस येऊन पोंचलेले ते अडीच फुटी रूळ, खेळण्यांत शोभतील असे डबे, आणि चाल अशी कीं, सांगोल्याच्या पुढें माळावरचीं शेरडें मोजतां यावींत. मिरजेचें सुख आमच्या लेखीं त्या गाडींतच सुरू होई. मग मावशीच्या हातचें पन्हें, मिरासाहेबांच्या दर्ग्याचें आवार, आणि सतारमेकरांची गल्ली. तेथें टांगलेले वाळके भोपळे आमच्याच मुलुखांतून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, हें कळलें तेव्हां आमचा अभिमान गगनांत मावेना! एका वृद्ध कारागिराच्या ओट्यावर आम्ही तासचे तास बसत असूं. जवारी लावतांना तो घोडीवर कानस फिरवी, तार छेडी, पुन्हां फिरवी. आणि मुका सूर एकाएकीं बोलूं लागे.

त्या गाडीचा आतां मागमूस नाहीं. २०१० च्या सुमारास तो मार्ग रुंद झाला. हें आम्हांस ठाऊक होतें. तरीहि फलाटावर उभें राहतांच, कोणीं तरी आमच्या ट्रंकेंतून वस्तु काढून नेल्यासारखा संताप आला. रात्रीं निजतांना मात्र एक गोष्ट आठवली. २०१६ च्या एप्रिलांत लातुरास पाण्याचें दुर्भिक्ष पडलें, तेव्हां याच मिरजेहून, याच रुंद केलेल्या मार्गानें पाण्याच्या वाघिणी गेल्या. पहिल्याच खेपेस सुमारें ५ लाख लिटर पाणी गेलें. आमच्या लाडक्या गाडीला हें ओझें पेलवतें ना. लातुरांतील रिकाम्या घागरीपुढें आमच्या खिडकींतल्या शेरडांची किंमत ती काय? उत्तर सोपें आहे. पण इतकें सोपें उत्तर मिळालें म्हणजे आम्हांस नेहमीं संशय येतो. कारण दुःख तर शिल्लकच होतें, व तें खोटें म्हणवेना. त्याची तक्रार करण्याचा अधिकार मात्र आम्हीं कोठून आणला होता?

दुसऱ्या दिवशीं गल्लींत गेलों. तेथें जिवास बरें वाटलें. भोपळे तसेच, लाकडाचा वासहि तोच. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. ओट्यावर आतां त्या वृद्धाचा नातू बसतो. त्याला आम्हीं आजोबांच्या आठवणी सांगितल्या, आणि तुमच्याकडे तरी सारें होतें तसेंच राहिलें हें पाहून धन्य वाटलें, असेंहि गहिवरून बोललों. हातांतली कानस खालीं न ठेवतां त्यानें नम्रपणें विचारलें, “साहेब, तेव्हां तुमच्या घरीं कुणी तंबोरा नेला होता का?”

नेला नव्हता. इतके उन्हाळे आम्हीं त्या ओट्यावर काढले, म्हाताऱ्याचा वेळ खाल्ला, आणि घरीं जातांना कानांत सूर तेवढा फुकट नेला. पुढें मुलीच्या रियाजासाठीं आम्हीं विजेवर वाजणारी तंबोऱ्याची पेटी घेतली. ती स्वस्त पडली, आणि तिला जवारी लावावी लागत नाहीं. हें आम्हीं त्याला सांगितलें नाहीं.

त्याऐवजीं भिंतीला टेंकून ठेवलेल्या एका तंबोऱ्याची किंमत विचारली. ती ऐकून आम्ही थोडा वेळ गप्प बसलों, आणि तो पुन्हां घोडीवर कानस फिरवूं लागला.